कनकेश्वर निळा रंगवावा का?
लांबचा डोंगर निळा आणि फिका, हे निसर्गचित्रणातलं सूत्र नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी पडतं. डोंगर मागे ढकलायचा तर निळ्यात पांढरा कालवा, की झालं! सूत्र खोटं नाही, पण ते कोरड्या, स्वच्छ हवेचं आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने १८७१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या पाच-सहा पट विखुरतात. गडद डोंगरापुढे त्या विखुरलेल्या प्रकाशाचाच निळसर पडदा येतो. कोकण किनाऱ्यावरच्या उरणच्या हवेत मात्र समुद्राचं मीठही असतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण ओलावा शोषून विरघळतात, फुगतात, आणि असे थेंब सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून दमट सकाळी करंजाहून धरमतर खाडीपलीकडे पाहिलं, तर रेवसकडची खारफुटी मळकट हिरवी आणि तिच्यामागचा कनकेश्वराचा डोंगर दुधी राखाडी दिसतो. त्यावर ट्यूबमधला कोबाल्ट निळा फासला की तो डोंगर कोकणातला राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, पावसाची सर ओसरल्यावर तोच डोंगर निळाजांभळा दिसतो की! दिसतो, पण तेव्हा तो फिका नसतो; गडद असतो आणि हाताशी आल्यासारखा वाटतो, कारण हवा धुतली गेलेली असते. निळा आणि फिका ही जोडी इथे क्वचितच जमते. खोली येते ती छटांतला फरक घटल्यामुळे, आणि तो अंतराच्या सरळ प्रमाणात घटत नाही. कोशमीडर या शास्त्रज्ञाच्या १९२४ च्या दृश्यमानतेच्या सूत्राने हिशेब केला, तर २० किलोमीटर दृश्यमानतेत काळ्या डोंगराचा क्षितिजाशी असलेला फरक ५ किलोमीटरवरच सुमारे ३८ टक्के उरतो, १० वर १४. म्हणजे मोठी पायरी पहिल्या दोन थरांतच पडते. मागचे थर एकमेकांत मिसळू द्यावे लागतात. आणि कालवायचं ते ट्यूबमधलं पांढरं नव्हे, त्याने रंग खडूसारखा होतो. कालवायचा त्या दिशेच्या क्षितिजाचा रंग. उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर मावळतीच्या वेळी तो केशरी असेल, तर लांबची जहाजंही केशरीकडेच झुकणार. पांढऱ्या वस्तूंचं तर उलटंच होतं: क्षितिजालगतचा शुभ्र ढग डोक्यावरच्या ढगापेक्षा पिवळसर दिसतो, कारण त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा अंश वाटेतच विखुरलेला असतो.