सांधेदुखी, क्लच आणि सेकंडहॅण्ड क्रूझर

कॉलेजच्या मासिकात गाड्यांवरचा लेख म्हटला की सीसी, पिकअप आणि टॉप स्पीड हे तीन शब्द येणारच. या लेखात ते जवळजवळ येणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ज्याची बोटं सकाळी मूठ मिटायला तयार नसतात, ज्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, आणि तरीही ज्याला जुनी का होईना पण क्रूझरच घ्यायची आहे, अशा माणसासाठी हा लेख आहे. आपल्या कॅम्पसवर असे किती असतील माहीत नाही. निदान एक आहे. वर्कशॉपमध्ये तुम्ही त्याला रोज पाहता.

मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, गेली सहा वर्षं. संधिवात म्हणजे आजी-आजोबांचं दुखणं ही समजूत अर्धीच खरी. वयानुसार सांध्यांची झीज होते तो एक प्रकार. दुसऱ्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, आणि तो तरुणपणीही गाठतो. बोटांचे मधले सांधे, मनगटं, आणि तेही दोन्ही बाजूंचे! झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठपणा साधारण अर्ध्या तासात जातो, या प्रकारात तो तासाच्या वर टिकतो. म्हणजे सकाळी आठला मी आणि दुपारी बाराला मी ही दोन वेगळी माणसं. आणि गाडी घ्यायची ती आठच्या माणसासाठी, बाराच्या नव्हे. हे एवढं पक्कं झालं की निम्मा बाजार आपोआप गळतो.

तपासणीसाठी मला दर महिन्याला सांगलीहून मिरजेला जावं लागतं. एस.टी.त उभं राहून वरची दांडी धरणं मला आता जमत नाही. डॉक्टरांनी "गाडी चालवू नका" असं म्हटलं नाही, "कुठली ते नीट बघा" असं म्हटलं. हातातली पकड आणखी किती वर्षं राहील हे मात्र कुणी लिहून देत नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला निघालो त्याचं कारण हे!

"सर, मग स्कूटर घ्या की!" हा पहिला सल्ला. तो चुकीचा नाही. ज्याचा आजार फक्त हातात आहे त्याने हा लेख इथेच मिटवून गिअरलेस स्कूटर घ्यावी, क्लचचा प्रश्नच मिटतो. माझे गुडघेही त्रास देतात. स्कूटरवर ते काटकोनात दुमडून राहतात, आणि तिची दहा-बारा इंची चाकं खड्ड्यात पूर्ण उतरतात. क्रूझरवर पाय पुढे सैल राहतात, चाकं मोठी असतात, आणि सीट इतकी खाली असते की पाय फार न उचलता पलीकडे टाकता येतो. आणि खरं सांगू का, मला क्रूझर आवडते. हेही कारण आहेच.

पण क्रूझर म्हणजे आरामखुर्ची हाही एक गैरसमज. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून धक्का पायांवर घेता येत नाही. तो सीटमधून सरळ माकडहाडात आणि तिथून पाठीच्या कण्यात. होस्टेलवाल्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचा. विशी-पंचविशीत सुरू होणारा कण्याचा संधिवात असतो, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. पाठ पहाटे आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, ही त्याची खूण. असं महिनोन्‌महिने चालू असेल तर "गादी खराब आहे" म्हणून रेक्टरकडे अर्ज करण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा, आणि क्रूझरचा नाद सोडा. र्‍हुमॅटॉइडवाल्यांनी मानेबद्दल विचारून घ्यावं. या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल होऊ शकतात, आणि हेल्मेटचं वजन तिथेच येतं. हेल्मेट तर घालायचंच, पण आधी विचारायचं.

आता मुख्य मुद्दा, क्लच. आमच्या गेटपासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंत एकदा मित्राच्या मागे बसून मोजलं, त्याने ८३ वेळा क्लच दाबला. जाऊन-येऊन दीडशेच्या वर. म्हणून एक दाब किती जड हा प्रश्न इंजिन किती सीसीचं यापेक्षा कितीतरी मोठा. आणि तो अंदाजाने नाही, मोजून सोडवता येतो. इंजिनिअर कशाला झालो आपण?

केबल वळणं घेत हॅण्डलपासून इंजिनपर्यंत जाते. प्रत्येक वळणावर ती आवरणाला घासते. थिअरी ऑफ मशिन्समधलं पट्ट्याच्या घर्षणाचं सूत्र आठवा (केटी लागलेल्यांना तर ते पाठच असेल). एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या ई चा म्यू-थीटा घात इतका पट होतो. समजा इंजिनच्या बाजूला १०० न्यूटन लागतात आणि केबलची सगळी वळणं मिळून १८० अंश भरतात. केबल नवी, वंगण असलेली, म्यू ०.१ धरला तर लिव्हरच्या बाजूला सुमारे १३७ न्यूटन लागतील. तीच केबल कोरडी, गंजलेली, म्यू ०.३, तर २५७! लिव्हरचा फायदा चार पट धरला तर बोटांवर पहिल्यात साडेतीन किलो, दुसऱ्यात साडेसहा. इंजिन तेच, स्प्रिंगा त्याच, फरक फक्त एका केबलचा. तेव्हा जुनी गाडी जड लागली म्हणून लगेच नापास करू नका. केबलचं आवरण कुठे दबलंय का, टाकीखाली तीव्र वळण आहे का, बाहेरच्या टोकाला तारा सुटल्यात का ते बघा. उलट नवी केबल घालूनही जड असेल तर मात्र नमस्कार करून परत यावं.

मी गाड्या बघायला जाताना खिशात स्प्रिंग बॅलन्स नेत असे. मधलं बोट जिथे येतं तिथे लिव्हरला हुक अडकवायचा आणि क्लच पूर्ण सुटेपर्यंत ओढायचा. एजंट लोक आधी हसतात, मग "साहेब, मासे तोलताय का" म्हणतात, आणि शेवटी स्वतःच्या गाडीचा आकडा विचारतात. माझ्या बोटांना चार किलोपर्यंत त्रास नाही, पाच चालतात. सहाच्या वर गेलं की दहा-बारा दाबांनंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. तुमचा आकडा वेगळा असेल. तो घरी बसून, सकाळी, ठरवून मगच बाहेर पडा.

बोटं लिव्हरच्या टोकाकडे सरकवली की जोर कमी लागतो, पण टोकाचा प्रवास वाढतो. आखूड बोटांना किंवा पुरती न उघडणाऱ्या मुठीला तिथे पोचताच येत नाही. म्हणून अंतर कमी-जास्त करता येणारी लिव्हर मिळत असेल तर बसवून घ्यावी. इंजिनकडचा क्लचचा दांडा लांब करून देणारे कारागीरही भेटतील. क्लच मऊ होतो खरा, पण तेवढ्याच प्रवासात प्लेटा पुऱ्या सुटत नाहीत आणि गिअर अडकायला लागतात. फुकट काहीच मिळत नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध.

दुसरी भीती वजनाची. मला सगळ्यांनी सांगितलं, "जड गाडी घेऊ नकोस." मी कागदावर मांडून बघितलं. गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि हॅण्डल एक मीटर उंच धरू. १९० किलोची गाडी ५ अंश कलली तर ती सावरायला हॅण्डलपाशी साधारण ८ किलोचा जोर लागतो. १० अंशाला साडेसोळा, २० अंशाला बत्तीस. आता गाडी १६० किलोची घ्या, १० अंशाला चौदा. म्हणजे तीस किलो वजन कमी करून वाचले अडीच किलो, आणि पाच अंश आधी पाय टेकला तर वाचले आठ! म्हणून दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकणं ही माझी पहिली अट झाली, वजन दुसरी. सीटवर बसा, बूट घालून, आणि टाचा बघा. पंजे टेकले म्हणजे झालं असं नाही.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात या अटींत बसणारी नावं थोडीच. २००१ साली आलेली बजाजची एलिमिनेटर दिसायला देखणी, पण आता ती हौशी लोकांनी सांभाळावी. तिचीच पुढची पिढी अ‍ॅव्हेंजर, २००५ पासून. २२० सीसीची २०१० पासून. सीटची उंची सुमारे ७३७ मिलिमीटर, वजन १५५ ते १६३ किलोच्या दरम्यान, पुढचं चाक सतरा इंची. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ मध्ये आली आणि २०२० मध्ये बंद झाली. तिची जागा घेतलेल्या मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर आणि वजन १९१ किलो. मिटिऑरच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हाताला येणारी थरथर बरीच कमी. सुजलेल्या मनगटाला ती अर्ध्या तासात कळते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा मोह मात्र आवरा. किक, थरथर, आणि त्यावर गिअर उजव्या पायात व ब्रेक डाव्या. नवशिक्याने सवय लावून घ्यावी अशी ही गोष्ट नव्हे.

वर्षाचंही बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचं झालं. घाबरून ब्रेक आवळला की बोटांना तो हळूहळू सोडता येत नाही, ही आमची अडचण. तिथे हे यंत्र आपल्या वतीने सोडतं. बजेट बसत असेल तर त्याच्या अलीकडची घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा मालकाला फोनवर सांगा की इंजिन आधी गरम करून ठेवू नका. बऱ्याच क्रूझरला किक नसते, त्यामुळे थंड इंजिन सेल्फवर उठलं नाही तर ढकलस्टार्ट करणार कोण? हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. क्रूझरचं हॅण्डल लांब, त्यामुळे पूर्ण वळणावर लांबचा हात ताणला जातो; खांदा कुरकुरला तर ती गाडी तुमची नाही. वळताना मधेच खटका लागत असेल तर स्टिअरिंगच्या बेअरिंगा गेल्यात. गाडी उतरून दहा पावलं मागे ढकला. दोन चाकांतलं अंतर जवळजवळ दीड मीटर, वळायला जागा फार लागते, आणि पार्किंगमधून काढताना मनगटाची परीक्षा तिथेच होते. जाहिरातीत "सिंगल हॅण्ड यूज" लिहिलेलं वाचून मला नेहमी वाटायचं, हे आमच्यासाठीच लिहिलंय.

कागदपत्रांचं थोडक्यात. चासी आणि इंजिन नंबर आर.सी.शी जुळवा, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विमा चौदा दिवसांत आपल्या नावाने करून घेण्यासाठी अर्ज. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी नको. लायसन्ससाठी फॉर्म १ मध्ये प्रकृतीबद्दल स्वतः लिहून द्यावं लागतं, आणि चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १-ए. तिथे आजार लपवू नका. पक्क्या परीक्षेआधी लर्निंगचे निदान तीस दिवस मिळतात, ते मी आमच्या ग्राउंडवर आठ आकडे काढण्यात घालवले. बघे भरपूर होते, आभारी आहे.

शेवटी कोल्हापूरहून एम.एच. ०९ पासिंगची २०१९ ची अ‍ॅव्हेंजर २२० घेतली. बॅलन्सवर क्लच साडेपाच किलो भरला. नवी केबल, टाकीखालचं वळण जरा मोठं करून, चार किलो. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून ती थोडी खाली फिरवली, म्हणजे मनगट सरळ राहतं. मुठींवर फोमचे जाड ग्रिप चढवले. जाड मूठ धरायला बोटं कमी मिटावी लागतात. सिग्नलला क्लच धरून न ठेवता न्यूट्रल करतो. मिरजेची फेरी आता दुपारची अपॉइंटमेंट घेऊन करतो. बोटं सुजलेली असतील त्या दिवशी गाडी पार्किंगमध्येच राहते, आणि मी कुणाच्या तरी मागे बसतो.

आणखी एक. कुणाला, किंवा कुणाच्या आई-वडिलांना, काका-मामांना गाडी बघायला जायचं असेल तर स्प्रिंग बॅलन्स वर्कशॉपच्या डाव्या कपाटात आहे. रजिस्टरला सही करून न्यावा. मार्चमध्ये नेलेला एक अजून परत आलेला नाही; ज्याने नेलाय त्याने निदान आकडा तरी कळवावा.