गाऊनवरची ओढणी

सकाळी घंटागाडीचं गाणं सोसायटीच्या फाटकाशी वाजलं, की डोंबिवलीतल्या घराघरांत दारामागच्या खुंटीवरची ओढणी खाली उतरते. अंगात गाऊन, त्यावर ही ओढणी, हातात ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे. ओढणीचा आणि गाऊनचा रंग जुळावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. बहुधा ती एखाद्या कधीच बाद झालेल्या पंजाबी ड्रेसची उरलेली असते. शेजारच्या दाराशी वाटीभर साखर मागायला जाताना ती लागत नाही. घंटागाडी, भाजीवाला, कुरिअरवाला यांच्यासमोर लागते. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालून जाते. स्टेशनकडे जायचं म्हटलं, की मग ओढणीने भागत नाही, कपडेच बदलावे लागतात.

माणूस कपडे स्वतःसाठी घालतो की लोकांसाठी, हा वाद फार जुना आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे पुष्कळ भेटतात. ही ओढणी त्या वादात कुठेच बसत नाही. हौस म्हणून ती कोणी घेत नाही आणि तिने कोणावर छापही पडत नाही. ती फक्त एक हद्द आखते: इथवर आपली माणसं, इथून पुढे लोक. मराठीने हे लोक मोजूनही ठेवलेत. ते चार आहेत. 'चार लोक काय म्हणतील' आणि 'चारचौघांत जाण्याजोगं काहीतरी घाल' ही दोन वाक्यं ऐकल्याशिवाय इथे कोणी मोठं होत नाही. पण ते चौघे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

'मी फक्त माझ्यासाठी नटते' किंवा 'मला काय, मी कोणासाठी घालत नाही' म्हणणाऱ्यांची परीक्षा मार्च २०२०च्या टाळेबंदीत झाली. लोकल बंद पडल्या, कार्यालयं घरात आली आणि ते चौघे अचानक गायब झाले. इस्त्रीवाल्याकडचे गठ्ठे थांबले. मीटिंगसाठी कॅमेऱ्यापुढे छातीपर्यंत इस्त्रीचा शर्ट आणि टेबलाखाली बर्म्युडा हा त्या वर्षीचा गणवेश झाला. कापडाचा वापर कॅमेऱ्याच्या चौकटीइतकाच! तरीही काही बायका स्वयंपाकघरात जातानासुद्धा कानातलं घालत राहिल्या, काही पुरुष रोज दाढी करून, पँटमध्ये शर्ट खोचूनच लॅपटॉपसमोर बसले. अशांना हसणारे घरचेच होते. पण बघणारं कोणी नसताना माणूस काय घालतो हे पाहायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळायची नाही.

याच्या अगदी उलट टोक पाहायचं तर नरक चतुर्दशीला सकाळी डोंबिवली पूर्वेच्या फडके रोडवर जावं. अभ्यंगस्नान झालेलं, तोंडात फराळाची चव, गणेश मंदिरात दर्शन आणि मग मंदिरापासून सुरू होणाऱ्या त्या रस्त्यावर तरुणांचा महापूर. कित्येक दशकांची ही रीत. मोबाइल नव्हते तेव्हा शाळा-कॉलेजातले मित्र भेटण्याची ही हमखास जागा होती. वेळ ठरवायची नाही, ठिकाण सांगायचं नाही. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडला सगळे भेटतातच. ठाण्यात हेच दृश्य राममारुती रोडवर आणि मासुंदा तलावाकाठी दिसतं, आणि खरी दिवाळी पहाट कोणाची यावर ठाणेकर-डोंबिवलीकरांचं एकमत होणं अवघड आहे.

फडके रोडवर काम काहीच नसतं. खरेदी नाही, कोणाकडे जायचं नाही. शे-दोनशे पावलं जायचं, तितकीच परत यायचं, बघायचं आणि दिसायचं. कुर्ते, जॅकेटं, पैठणीच्या काठांचे ड्रेस, खणाची ब्लाउजं, नथी, आणि कधी कधी नऊवारीखाली पांढरे स्नीकर. यातली बरीचशी नऊवारी शिवलेली असते. काष्टा, निऱ्या सगळं आधीच टाचून ठेवलेलं, पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, पदर खांद्यावर घेतला की झालं. आजीला नेसायला लागणाऱ्या वेळात नात साडी घालून, फोटो काढून, तो पाठवूनही मोकळी होते. 'नेसणं' जाऊन 'घालणं' आलं याची हळहळ वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की शिवलेली मिळाली नसती तर यातल्या निम्म्या मुली नऊवारीच्या वाटेलाच गेल्या नसत्या.

मुलांचा फेटा त्याहून बोलका. तो बहुतेकांना स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही. एकाने कापडाचं टोक ताणून धरायचं, बांधणाऱ्याने पीळ देत डोक्याभोवती फिरवायचं, वर तुरा काढायचा, मागे शेमला सोडायचा. ज्याच्या डोक्यावर हे सगळं उभं राहतं त्याला आरसा नसेल तर ना तुरा दिसतो ना शेमला. म्हणजे बांधणारा दुसरा, बघणारे तिसरे. तरीही फेटा चढला की मान आपोआप ताठ होते, आणि ही ताठ मान मात्र ज्याची त्याची असते.

या सगळ्याला मराठीत चांगला शब्द आहे: मिरवणं. त्याच्यात थोडा टोमणा आहे, पण तुच्छता नाही. 'काय मिरवतेय!' असं नाक मुरडून म्हणता येतं आणि 'मिरव की, सणाचा दिवस आहे' असं प्रेमानेही. मिरवणूकही याच शब्दातून आलेली. मिरवणं एकट्याचं, मिरवणूक सगळ्यांची. फडके रोडच्याच गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये डोंबिवलीत गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ती गावोगाव पसरली आणि तिच्याबरोबर फेटा-नथ-नऊवारीचा साजही. एकट्याने ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी फेटा बांधून स्टेशन गाठायची छाती कोणाची आहे? शंभर जण बांधतात तेव्हा शंभरातल्या प्रत्येकाला मिरवायची मुभा मिळते.

आता एक विरस करणारी गोष्ट. बघणारे आपल्याला वाटतात तितके बघत नसतात. थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. तो घालणं त्या वयात लाजिरवाणंच. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर कोण आहे हे जवळपास निम्म्या जणांनी टिपलं असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात टिपलं होतं सुमारे पाव जणांनी. फडके रोडवर हा हिशेब आणखी बिघडला असणार, कारण तिथे आता बहुतेकांचे डोळे समोरच्यावर नसून हात लांब करून धरलेल्या स्वतःच्याच पडद्यावर असतात.

कपडे छाप पाडायलाच घालतात या सिद्धांताला सगळ्यात मोठा धक्का मात्र नवरात्रात, लोकलच्या लेडीज डब्यात बसतो. तिथे प्रत्येक दिवसाचा रंग ठरलेला: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी आणि उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले रंग. याला पोथीचा आधार शोधू नये. या शतकाच्या पहिल्या दशकात 'महाराष्ट्र टाइम्स'ने ही टूम काढली, वाचक बायकांचे एका रंगातले गटागटाने काढलेले फोटो छापले आणि बघता बघता ती परंपराच झाली. आता रंगांचा तक्ता घटस्थापनेच्या कितीतरी आधी व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत त्या दिवसांत चढलं तर अख्खा डबा एका रंगाचा दिसतो.

छापच पाडायची असती तर पिवळ्या दिवशी कोणीतरी जांभळं नेसून उठून दिसलं असतं. तसं होत नाही. चुकून दुसरा रंग घालून आलेली बाई दारातच खुलासा देते: 'अगं, इस्त्रीला होता,' 'लक्षातच राहिलं नाही.' करडा रंग बहुतेकींना आवडत नाही, तरी त्या एका दिवसासाठी करडा कुर्ता विकत घेतला जातो आणि वर्षभर कपाटात पडून राहतो. इथे उठून दिसायचं नसतं, मोजलं जायचं असतं. रोज तेच सव्वा-दीड तास एकमेकींना रेटत जाणाऱ्या, चौथ्या सीटवरून भांडणाऱ्या आणि कानातल्यांच्या विक्रेतीकडून एकाच पट्टीवरच्या दोन जोड्या वाटून घेणाऱ्या बायकांचे चौघे म्हणजे त्याच डब्यातल्या चौघी. घरातल्या कोणाच्याही आधी नवी साडी त्यांना दिसते, आणि 'कितीला घेतलीस?' हे त्यांनी विचारलं नाही तर साडीचे पैसे वाया गेले असं वाटतं.

पण ते चौघे आपण निवडलेले नसतील तर? मग कपडा हौसेचा राहत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दलित बायकांशी स्वतंत्रपणे बोलले. पोशाखावरून, गळ्या-हातांतल्या जड दागिन्यांवरून लोक तुमची जात ओळखतात, तेव्हा ही खूण टाकून द्या, वरच्या जातींतल्या बायका नेसतात तशी लुगडी घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्याशी आखूड नेसलेलं लुगडं ही आवड नव्हती, तो रिवाज लादलेला होता. बायकांनी ते ऐकलं आणि नेसण बदलली. एक वीत कापड खाली उतरवलं, एवढीच ती कृती. ती दिसावी म्हणूनच केलेली होती, आणि तरीही तिला दिखावा म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही.

कल्याणला या विषयात स्वतःचं असं एक माणूस आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली आणि तिथे वाढलेली यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. वैद्यकी शिकायला अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला तिने जाहीर भाषण केलं, त्यात आपले रीतिरिवाज, खाणं आणि पोशाख यांत बदल करणार नाही असं सांगितलं. त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचे चौघे म्हणजे तिच्या जाण्याला विरोध करणारा सारा समाज होता. साडी हा तिचा त्यांच्याशी केलेला करार होता.

मग पेनसिल्व्हेनियातली थंडी आली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणात त्याचं काही वाटत नाही, बर्फात वाटतं. आनंदीबाईंनी पाय झाकले जातील अशी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १० ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांच्या वैद्यकीय कॉलेजात काढलेला एक फोटो आज जगभर पाहिला जातो. त्यात तिघी विद्यार्थिनी आहेत: जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लामबुली आणि आनंदीबाई. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. त्या दिवशी कॉलेजात आलेले पाहुणे त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत असतील, हे तिघींनाही ठाऊक असणार. पुढच्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि त्या वर्षाअखेर साडीतच परत आल्या.