घराचे कागद (भाग 7) : इसार देण्याआधी वकील

यवतमाळात घराचा सौदा चहाच्या टपरीवर ठरतो, इसार दलालाच्या घरी दिला जातो आणि वकील आठवतो तो रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी. तोवर लाख-दोन लाख समोरच्याच्या खिशात गेलेले असतात. अशा वेळी वकिलानं कागदात खोट दाखवली तरी माणूस म्हणतो, "पाहून घ्या साहेब, कसंही करून जमवा." पैसे अडकलेल्या माणसाला खरा सल्ला नको असतो, त्याला दिलासा हवा असतो. म्हणून या भागातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. वकील इसाराच्या आधी गाठायचा. इसारचिठ्ठीचा मसुदासुद्धा त्याच्याच नजरेखालून गेला पाहिजे.

मागच्या दोन भागांत आपण सातबारा आणि आखीव पत्रिका वाचायला शिकलो. आज हे कागद ज्याच्या हाती द्यायचे त्या माणसाविषयी.

तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसलेला अर्जनवीस अनेकांना वकिलाइतकाच, किंबहुना जास्त भरवशाचा वाटतो. "वकील कायले पाहिजे भाऊ, विक्रीपत्र मी लिहून देतो, उद्या रजिस्ट्री." त्याचं म्हणणं खोटं नाही. दस्ताची भाषा, मुद्रांक, साक्षीदार, ऑनलाइन डेटा भरणं यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण विकणारा त्या घराचा खरोखर मालक आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. आणि गंमत अशी, की ते दुय्यम निबंधकाचंही काम नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार तो दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. मालकी सिद्ध झाली नाही म्हणून नोंदणी नाकारण्याचा अधिकार देणारा तमिळनाडूचा एक नियम सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये रद्द केला, तोही याच कारणानं. इंग्लंडात सरकारची जमीन नोंदवही मालकीची हमी देते, तरीही तिथे घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सॉलिसिटर बहुधा वेगवेगळा असतो. आपल्याकडे हमीही नाही आणि दोघांत मिळून एकही वकील नाही. रजिस्ट्री झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं मानणारे लोक पुढे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात.

मालकी तपासायची तर शोध घ्यावा लागतो आणि इथेच स्थानिक वकिलाचा उपयोग कळतो. शोध साधारण 30 वर्षांचा घेतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. 1963 च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घ्यायला आणि सरकारला दावा लावायला 30 वर्षांची मुदत आहे. त्याआधीच्या कायद्यात ती 60 होती. आता अडचण बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईबाहेरचे दस्त साधारण 2002 पासूनचे सापडतात. त्यामागची वर्षं पाहायची तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सूचीची जुनी रजिस्टरं उलटावी लागतात : एक नावांवरून शोधायची, दुसरी मिळकतीवरून. जुन्या हस्ताक्षरात एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, सर्व्हे नंबराचे पोटहिस्से मध्येच बदललेले असतात, काही पानं फाटलेली असतात. नागपुरात किंवा पुण्यात बसून संगणकावर शोध घेणाऱ्याला ही पानं दिसत नाहीत. दारव्ह्याच्या घरासाठी दारव्ह्याच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाला दिसतात.

शोध खरंच घेतला का, हे ओळखायची सोपी खूण आहे. शोधासाठी सरकारी फी भरावी लागते, त्याचं चलन किंवा पावती मिळते आणि कोणत्या वर्षांसाठी फी भरली ते त्यावर असतं. अहवालाला ती पावती जोडलेली नसेल तर मागा. पावती दाखवायला कुरकुर करणारा वकील मला तरी नको.

अहवाल हाती आला की शेवटचं वाक्य वाचून खूश होऊ नका. 'मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे' हे वाक्य बहुतेक अहवालांत असतंच. त्याच्या वरची पानं वाचा. 'मला दाखवलेल्या छायाप्रतींवरून' असं लिहिलं असेल तर मूळ दस्त पाहिलेला नाही. मूळ विक्रीपत्र विकणाऱ्याकडे नसेल तर ते बहुधा कुठल्या तरी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या तिजोरीत असतं, कारण कर्जासाठी मूळ दस्त ठेवून घ्यायची रीत जुनी आहे. 'अमुक वर्षांची सूची जीर्ण असल्याने पाहता आली नाही' असं असेल तर ती वर्षं दुसऱ्या मार्गानं भरून काढली का, हे विचारा : जुने फेरफार, कर आकारणीचे उतारे, आधीच्या मालकांचे दस्त. चतुःसीमा जागेवरच्या चतुःसीमेशी जुळते का, ते तुम्ही स्वतः बघू शकता. पूर्वेला रस्ता लिहिलाय आणि जागेवर शेजाऱ्याची भिंत आहे, हे वकिलाला टेबलावर बसून कळणार नाही. आणि चालू दावा सूचीत दिसत नाही. त्यासाठी न्यायालयातली नोंद पाहावी लागते. पक्षकाराच्या नावावरून ती ऑनलाइनही सापडते. दावा चालू असताना घेतलेलं घर त्या दाव्याच्या निकालाला बांधलेलं असतं, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52 सांगतं.

आता आपल्या जिल्ह्याचं. यवतमाळच्या 16 तालुक्यांत घराखालची जमीन एकाच जातीची नाही आणि वकील निवडण्याची माझी खरी कसोटी हीच आहे. पहिल्या भेटीत तो किंमत विचारतो, की 'जमीन कुठली, कशी आली' हे विचारतो?

जुन्या शहरातलं घर असेल तर नझूलचा प्रश्न आलाच. नझूल म्हणजे भाडेपट्ट्यानं दिलेली शासनाची शहरी जागा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळापासून विदर्भाच्या शहरांत ती पसरलेली आहे. पट्ट्याची मुदत संपली का, नूतनीकरण झालं का, भुईभाडं थकलंय का, राहण्यासाठी दिलेल्या जागेत दुकान काढून शर्तभंग झालाय का, विकायला परवानगी लागते का, हे सगळं पाहावं लागतं. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी शासनानं 2024 मध्ये सवलतीची अभय योजना काढली, तिचा फायदा या घरानं घेतला का, हेही. पुण्याहून आलेल्या चांगल्या वकिलालाही नझूल समजावून सांगावं लागतं, तो त्याचा दोष नाही.

शहराच्या कडेला वेगळीच तऱ्हा. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा ही गावं हद्दवाढीत यवतमाळ नगरपरिषदेत आली. त्याआधी तिथे ग्रामपंचायतीचा कारभार होता, त्यामुळे अनेक घरांचा मुख्य कागद म्हणून लोक नमुना 8 काढून दाखवतात. तो घरपट्टीचा उतारा आहे. घरपट्टी भरणारा मालक असतोच असं नाही. तिथे वकिलानं अकृषक आदेश आणि लेआऊटचा मंजूर नकाशा मागितला पाहिजे, आणि नकाशावर प्लॉट नंबर शोधून बोट ठेवलं पाहिजे. मंजूर नकाशात मोकळी जागा म्हणून सोडलेला तुकडा प्लॉट म्हणून गळ्यात पडू नये, एवढ्यासाठी. अकृषक न झालेल्या शेताचे एक-दोन गुंठे घ्यायचे असतील तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आड येतो. त्याचे नियम अलीकडे वारंवार बदललेत, तेव्हा आजचा नियम काय, हे वकिलाकडून लिहून घ्या.

केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न सगळ्यात मोठा. जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ सांगतं, की 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीच्या परवानगीला शासनाची आधी मंजुरी लागते. हे बंधन राज्यभर आहे, फक्त या तालुक्यांत नाही. जमीन अकृषक झाली म्हणून बंधन सुटलं, असं धरून चालू नये. त्याआधीच्या, म्हणजे 1 एप्रिल 1957 पासूनच्या व्यवहारांतली जमीन आदिवासींना परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. म्हणून इथे 30 वर्षांचा शोध पुरत नाही. साखळीत पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी गोंड, कोलाम, परधान किंवा आंध मालक होता का, तिथपर्यंत जावं लागतं. ओघात सांगायला हवं, की 1966 ची ही संहिता झाली तेव्हा आणि 36-अ आलं तेव्हाही राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. आपल्या पुसद तालुक्यातले आणि व्यवसायानं वकील.

बाभुळगावकडे बेंबळा प्रकल्पात उठलेल्या गावांची पुनर्वसनं आहेत. तिथले प्लॉट शर्तीवर दिलेले असतात, कागदावर 'भोगवटादार वर्ग-2' दिसलं की थांबायचं. भूदानात मिळालेल्या जमिनीवरही हस्तांतरणाची बंधनं आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाच्या आसपासचं घर घेताना संपादनाची नोंद पाहावी. या सगळ्याची यादी पाठ करायची गरज नाही. तुमच्या गावचं नाव सांगताच यातली नेमकी कुठली गोष्ट तपासायची, हे ज्याला चटकन आठवतं तो वकील घ्यायचा.

तो कोणाचा वकील आहे, हा पुढचा प्रश्न. लेआऊटवाल्याचा वकील तुम्हाला 'तयार सर्च रिपोर्ट' देतो, फुकट. तो लेआऊटवाल्यासाठी लिहिलेला आहे. बँकेच्या पॅनलवरचा वकील बँकेसाठी पाहतो. कर्ज वसूल होईल का, एवढीच बँकेची काळजी, आणि बँकेचा अहवाल मंजूर झाला म्हणून तुमची मालकी पक्की झाली असं नव्हे. दलालानं ओळख करून दिलेला वकील वाईट असेलच असं नाही, पण सौदा मोडला तर दलालाची दलाली बुडते, हे त्यालाही माहीत असतं. वकिलांना जाहिरात करायची परवानगी नाही, त्यामुळे नाव शेवटी तोंडी चौकशीतूनच कळतं. चौकशी करायची तर ज्याचा सौदा वकिलानं मोडायला लावला अशा माणसाकडे करा. सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

वारसाहक्काच्या घरात बहिणींच्या सह्या हा वेगळ्या भागाचा विषय आहे. इथे एवढंच, की "बहिणींनी तोंडी सोडलंय, काका" हे वाक्य ऐकून मान डोलावणारा वकील नको. हक्कसोडपत्र नोंदलेलंच लागतं.

विकणाऱ्याला वकील लागतो, हे तर आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतं. पैसे घ्यायचे आणि सही करायची, त्यात काय? पण विक्रीपत्राचा मसुदा घेणाऱ्याच्या बाजूनं आलेला असतो. त्यात 'पुढे कोणीही हक्क सांगितल्यास सर्व खर्चासह विकणारा जबाबदार' असं कलम असतं, धनादेश वटायच्या आधीच 'संपूर्ण रक्कम मिळाली' असं लिहिलेलं असतं, आणि ताबा सहीच्याच दिवशी. वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीनं घेतला तर आयकर खात्याचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्यालाच बसतो. मूल पुण्यात किंवा अमेरिकेत आणि आईवडिलांचं घर पुसदला, अशा घरांत आममुख्त्यारपत्र येतं. परदेशात केलेलं मुख्त्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत चुकली की ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी काम अडतं. नुसत्या मुख्त्यारपत्रावर घर 'विकता' येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट केलंय.

फी आधी ठरवा आणि कामं वेगवेगळी लिहून घ्या : शोध अहवाल, जाहीर सूचना, इसारपत्राचा मसुदा, विक्रीपत्राचा मसुदा, रजिस्ट्रीला हजेरी, नंतरचा फेरफार. शेवटचं काम बहुतेकदा कुणाच्याच वाट्याला येत नाही. रजिस्ट्रीनंतर पेढे वाटले जातात आणि आखीव पत्रिकेवर जुन्याच मालकाचं नाव राहतं. फेरफार वकील करणार की तुम्ही, हे पहिल्याच भेटीत ठरवून टाका. पुढच्या आठवड्यात मोजणी आणि हद्दीच्या खुणा.