भिंत जाड होती, मग पडली का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराखाली. भिंती तर दोन-दोन हात जाड होत्या. मग पडल्या का?

पदार्थावर जोर मुख्यतः तीन तऱ्हांनी येतो: दाब, ताण आणि कातर. दगड दाब भरपूर सोसतो, ताणाला मात्र तो कच्चा. आणि मातीच्या सांध्यात ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसतेच. एरवी भिंतीवर वरून दाबच येतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. भूकंपात जमीन आडवी हलते व भिंत वाकते. वाकताना एक बाजू दबते, दुसरी ताणली जाते, आणि तेथेच सांधा उघडतो.

त्यात वर माळवद. एक चौरस मीटर जागेवर अर्धा मीटर मातीचा थर म्हणजे सुमारे आठशे किलो. जितके वजन अधिक, तितका आडवा हिसकाही अधिक. उन्हाळ्यात गारवा देणारी मातीच काळ ठरली.

उपाय गवंड्याच्या आवाक्यातला आहे. छपरावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार जाणारे दगड घालावेत, दारांच्या माथ्यावरून चारी भिंतींना बांधणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा द्यावा. दाब दगड घेईल, ताण लोखंड घेईल.

कारखान्यातल्या यारीवर किती भार उचलायचा ते लिहिलेले असते, म्हणून आम्ही कामगार तिच्याखाली वावरतो. घरावर अशी पाटी नसते. तेव्हा घर बांधताना एवढे विचाराच: यात ताण कोण घेणार?