तिकीट कार्ल्याचे, जमा दिल्लीत

पावसाळ्यातील रविवारी सकाळी लोणावळ्याच्या लोकलमधून मळवलीस उतरणाऱ्यांची दाटी पाहिली, म्हणजे मावळचे वैभव आणि मावळची अडचण एकाच वेळी ध्यानात येते. स्थानकाच्या एका बाजूस भाजे लेणी, लोहगड व विसापूर. दुसऱ्या बाजूस, जुन्या महामार्गापलीकडे, कार्ले. ही सारी स्थळे केंद्र सरकारने संरक्षित केलेली आहेत. १९५८ चा कायदा त्यांस लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीने सभोवतालच्या १०० मीटरांत नव्या बांधकामास बंदी आली. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीतही गेला. दगडाची काळजी कायद्याने घेतली; पायथ्याच्या गावाची कोणी घ्यावयाची?

लाभ एकाने घ्यावा व खर्च दुसऱ्याने सोसावा, यास अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. कार्ल्यास प्रवासी तिकीट काढतो, ते पैसे भारताच्या एकत्रित निधीत जमा होतात. भाज्याच्या अरुंद रस्त्यावरील मोटारींची रांग आणि ओढ्यातील बाटल्या मात्र गावातच राहतात. भजी व कणसे विकून चार घरांना मिळकत होते हे खरे. पण तेवढ्याने ग्रामपंचायतीचा रस्ता दुरुस्त होत नाही.

अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानांतील शुल्काचा सर्वसाधारणपणे किमान ८० टक्के भाग त्याच उद्यानासाठी राखला जातो. यावर आक्षेप असा, की आपल्याकडे तसे केल्यास ताजमहाल श्रीमंत होईल आणि बेडशासारखी कमी वर्दळीची लेणी उपाशी राहतील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सर्व नव्हे, पण एक निश्चित हिस्सा स्थळाजवळच्या ग्रामपंचायतीस मिळावा आणि त्याचा हिशेब तिकीट खिडकीशेजारी लावावा, एवढीच आमची मागणी आहे.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. ते स्थळ केंद्राच्या संरक्षणाखालचे नव्हे. परंतु गर्दी तीच. पाठोपाठ बंदीचे आदेश निघाले. आदेश काढण्यास खर्च येत नाही. तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस पाण्याच्या काठी उभा करावयाचा, तर त्यास पगार द्यावा लागतो. तो पगार कोठून द्यावयाचा, याचे उत्तर पुढील पावसाळ्यापूर्वी मिळावयास हवे.