तोंडातला फोड आणि कंपनीचं पाणी

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरच्या आसपासच्या गावांत गाय किंवा म्हैस सकाळी लाळ गाळताना दिसली, की पहिला संशय पाण्यावर जातो. कंपनीचं पाणी प्यायली असणार! हा संशय हवेतला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होतं. तीव्र आम्ल किंवा अल्कली तोंडात गेलं तर जिभेची साल निघते, लाळ गळते आणि जनावर वैरण सोडतं, हेही खरं. पण संशय पाण्यापाशीच थांबला की जनावराचं तोंड उघडून बघायचं राहून जातं. त्या दोन-तीन दिवसांत सगळी दावण आजारी पडू शकते.

तोंड बघितलं की लगेच पाय बघावेत. लाळ्या-खुरकूत या साथीच्या रोगात आधी ताप चढतो, १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत. मग जनावर तोंडाने मचमच आवाज करतं आणि लाळेच्या तारा लोंबू लागतात. जीभ, हिरड्या आणि ओठांच्या आत पाण्याने भरलेले फोड येतात. ते दिवसभरात फुटतात आणि खाली लालभडक, सोललेला भाग उरतो. त्याच सुमारास खुरांच्या बेचक्यात फोड येतात, दुभत्या जनावराच्या सडांवरही येतात. सांडपाण्यात उभं राहून पाय भाजू शकतात, पण भाजलेलं जनावर सुरुवातीलाच असं तापाने फणफणत नाही. आणि त्या पाण्याला तोंडही न लावलेली शेजारची म्हैस चार दिवसांनी लाळ गाळू लागत नाही. रोग एकाकडून दुसऱ्याकडे चालत गेला का, हा यातला सर्वांत बोलका पुरावा. तरीही रोग नेमका ओळखायचा तर प्रयोगशाळेतली तपासणी लागते.

या रोगाने विज्ञानाला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. १८९८ मध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि पॉल फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी फोडांतलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळलेल्या पाण्यानेही वासरं आजारी पडली. जिवाणूहून बारीक असं काहीतरी रोग पसरवत होतं. प्राण्यांना होणाऱ्या रोगाचा विषाणू माणसाच्या हाती लागला तो असा. त्याचा व्यास जेमतेम ३० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या तिप्पट. त्याचे सात प्रकार आहेत. भारतात आज ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात, सी हा चौथा १९९५ नंतर इथे आढळलेला नाही. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या कामी येत नाही, म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात. शिवाय ती शक्ती काही महिन्यांत ओसरते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांनी पुन्हा लस टोचतात ती यासाठीच. ‘मागच्या वर्षी टोचली होती’ हे उत्तर या रोगापुढे टिकत नाही.

पालघर तर जनावरांच्या वाटेवरच वसलेला जिल्हा आहे. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी शहराबाहेर हलवण्यासाठी दापचरीला सरकारी दुग्ध प्रकल्प उभा राहिला. त्याच दापचरीच्या तपासणी नाक्यावरून गुजरातकडून येणारी वाहतूक मुंबईच्या दिशेने जाते. एका ट्रकमध्ये दहा गोठ्यांतल्या म्हशी एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि लाळ एकाच फळीवर सांडते. लक्षणं दिसायला दोन दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे चढताना धडधाकट दिसलेली म्हैस उतरल्यावर आजारी पडते. दमट हवा या विषाणूला मानवते. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या ब्रिटनीतून वाऱ्यावर समुद्र ओलांडून सुमारे २५० किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावर पोहोचला होता. मात्र आपल्याकडे वाऱ्याहून ट्रक, बादली आणि दूध काढणाऱ्याचे हात यांची भीती मला अधिक वाटते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत, म्हणजे लोफ्लरच्याच देशात, १९८८ नंतर प्रथमच हा रोग सापडला. सापडला तोही बर्लिनजवळच्या म्हशींमध्ये.

मोठं जनावर बहुधा यातून वाचतं, पण दूध आटतं आणि पुढे कित्येक दिवस ते उन्हात धापा टाकत राहतं. लहान वासराच्या हृदयाच्या स्नायूंवरच विषाणू घाला घालतो. तोंडात एकही फोड न येता वासरू उभ्याउभ्या कोसळतं.

प्रत्येक तोंडाचा आजार मात्र लाळ्या-खुरकूत नसतो. करडाच्या ओठांवर खपल्या धरून फुलकोबीसारखे कोंभ वाढले तर तो मावा. पिताना तो आईच्या सडांवर उतरतो आणि ओठांना उघड्या हाताने औषध लावणाऱ्या माणसाच्या बोटांवरही येतो. म्हणून हातमोजे हवेतच. शेळीला ताप, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात जखमा आणि पाठोपाठ हगवण असेल तर पीपीआरचा संशय घ्यावा. ज्या बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे केले आणि जी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली, तिचा हा भाऊबंद. याला लस आहे.

एक आजार तर इथल्या गवतातूनच येऊ शकतो. पालघर-वाड्याकडचं सुकं गवत गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांत जात आलं आहे. त्यात कुसळ्या असतात, आणि भाताचा पेंढाही खरखरीतच. जिभेला कुसळ टोचलं की तोंडात एरवी निमूट राहणारे जिवाणू त्या जखमेतून आत शिरतात. जीभ सुजून लाकडासारखी टणक होते, तोंडाबाहेर येते, लाळ गळते. खुरं मात्र स्वच्छ असतात आणि शेजारच्या जनावराला काही होत नाही. वेळेत गाठलं तर ही ‘लाकडी जीभ’ आयोडाइड आणि प्रतिजैविकांनी बरी होते. जबड्याच्या हाडात असाच संसर्ग शिरून दगडासारखी गाठ वाढली, तर तिचा उपचार फार अवघड जातो.

लाळ्या-खुरकुतीवर मात्र विषाणू मारणारं औषध गोठ्यात मिळत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड धुवावं, जखमांना बोरो-ग्लिसरीन लावावं, मऊ हिरवी वैरण घालावी. हा विषाणू सामू सहाच्या खाली आणि नऊच्या वर तग धरत नाही. त्यामुळे शंभर लिटर पाण्यात चार किलो धुण्याचा सोडा विरघळवून गव्हाण, बादल्या, ट्रकची फळी आणि चपलांचे तळ धुतले तर तो मरतो. तोंडावर मात्र हे पाणी कधीही घालू नये. ते भाजेल.

पाण्याचा संशय तरीही खरा वाटत असेल, तर ते पाणी त्याच दिवशी स्वच्छ बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर तारीख आणि जागा लिहून ठेवावी. मग पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. ताप आहे का, पायांत फोड आहेत का, किती जनावरं लाळ गाळतात आणि गेल्या दोन आठवड्यांत गोठ्यात नवं जनावर कुठून आलं, या चार गोष्टी आधी सांगाव्यात.