जुनी बचतपत्रे : किंमत किती, हक्क कोणाचा?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या इंतिकालनंतर कपाट आवरताना पोस्टाची पिवळी पडलेली बचतपत्रे हाती लागतात. कोणी म्हणते, "आता लाखो झाले असतील," तर कोणी म्हणते, "रद्दीच आहे." दोन्ही अंदाज बहुधा चुकतात. म्हणून पत्राची किंमत कशी काढायची आणि ती रक्कम कोणाची, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आधी पत्राचा प्रकार पाहा. 1986 साली आलेले इंदिरा विकास पत्र 1999 मध्ये बंद झाले. त्यावर छापलेली रक्कम हीच मुदतीनंतरची रक्कम असे. म्हणजे 5,000 चे पत्र 2,500 रुपयांना मिळे. 1988 च्या किसान विकास पत्रात उलट आहे. छापलेली रक्कम ही भरलेली रक्कम, आणि मुदतीअंती तिच्या दुप्पट. सुरुवातीला साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत, पुढे हा काळ वाढत गेला. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा आठवा अंक 1989 मध्ये सुरू झाला. तेव्हा 12 टक्के दराने सहा वर्षांत 10,000 चे सुमारे 20,000 होत. त्यामुळे खरेदीची तारीख महत्त्वाची.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुदत संपली की ही वाढ थांबते. पुढे व्याज मिळालेच तर बचत खात्याच्या दराने आणि मर्यादित काळापुरते. तीस वर्षे पडून राहिलेले पत्र सहापट होत नाही.

पत्र ज्या पोस्टातून घेतले तिथे चौकशी करा. त्याची झेरॉक्स घरी ठेवा. मूळ पत्र जमा केल्यास पोच घ्या. मृत्यूचा दाखला आणि आपली ओळखपत्रे सोबत न्या. नॉमिनी नसेल, तर इंतिकालनंतर सहा महिन्यांनी 5 लाखांपर्यंतची रक्कम वारसांना हमीपत्र व प्रतिज्ञापत्रावर मिळू शकते. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत गेली असली, तरी तिच्यावर दावा करता येतो.

आता हक्काचा प्रश्न. नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचे नाव असले की पैसे त्याचेच, असे बऱ्याच घरांत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली बचत प्रमाणपत्रांच्याच खटल्यात स्पष्ट केले की नॉमिनीला रक्कम फक्त स्वीकारता येते. ती वारसांची असते. आधी कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि द्यायचा राहिलेला मेहर, मग वसीयत, आणि उरलेल्याची वाटणी. समजा 20,000 रुपये उरले, मरहूमचे आईवडील हयात नाहीत, आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा 2,500, मुलाला 8,750 आणि प्रत्येक मुलीला 4,375. सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा "तिला काय कमी आहे?" म्हणून बुडत नाही.

इंदिरा विकास पत्रावर तर मालकाचे नावच नसते. ज्याच्या हाती पत्र, त्याला पैसे. इथे घरच्यांना न कळवता रक्कम उचलणे सोपे असते. म्हणूनच ते अमानत समजून सर्वांसमोर मोजावे.

मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळे लिहून काढा. व्याजाचे काय करावे, हे आपल्या आलिमांना विचारताना तो कागद उपयोगी पडेल. आणि आपल्या हयातीतच स्वतःच्या ठेवींची यादी पत्नी-मुलांना, मुलींसह, दाखवून ठेवा.